राजदूत ३५०: काही महिने रोज चालवल्यानंतर

जुनी आरडी, म्हणजे यामाहाच्या आरडी३५० वरून भारतात बनलेली ही राजदूत ३५०, घ्यावी का, असं विचारणारे सतत भेटतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो. माझ्याकडे एचटी (हाय टॉर्क, जास्त ताकदीची आवृत्ती) आहे, ३०.५ बीएचपीची. इंजिन पूर्ण खोलून बांधून घेतलं, आणि तेव्हापासून ऑफिस, कात्रज, ताम्हिणी सगळं तिच्यावरच.

ही गाडी घ्यायची ती इंजिनासाठी. दोन सिलेंडर, ६४ मिमी बोअर (सिलेंडरचा व्यास), ५४ मिमी स्ट्रोक (पिस्टनची धाव), ३४७ सीसी. यामाहाच्या टीआर३ या रेसिंग गाडीचं आणि १९७३ साली आलेल्या वॉटर-कूल्ड टीझेड३५० चं मापही अगदी हेच. १९७४ ला इटलीचा रेसर अगोस्तिनी आणि १९७५ ला व्हेनेझुएलाचा अवघा १९ वर्षांचा जॉनी चेकोट्टो ३५० सीसीत जगज्जेते झाले ते यामाहाच्याच गाड्यांवर. आरडीच्या आधीच्या, रस्त्यावरच्या आर५ मध्ये इनटेक पोर्टची उघडझाप पिस्टनच करायचा. त्यामुळे कमी आरपीएमला थोडं पेट्रोल-हवेचं मिक्श्चर उलटं कार्ब्युरेटरकडे फेकलं जायचं. १९७३ च्या आरडीत वाटेत रीड व्हॉल्व्ह आला: स्टीलच्या पातळ पट्ट्या, मिक्श्चर आत सोडतात, मागे फिरू देत नाहीत. ट्रॅफिकमध्ये मला हे रोज जाणवतं. तिसऱ्या गिअरवर रेंगाळणारी गाडी कुरकुर न करता ओढते. आणि काटा पाच हजारांपुढे सरकला की फायरिंगच बदलते. तुटक टर्रटर्र जाऊन एकच चढा सूर लागतो, पुढचं चाक हलकं होतं. अंगावर काटा येतो, अजूनही.

मूळ जपानी आरडी ३९ बीएचपीची. एस्कॉर्ट्सने १९८३ पासून इकडे काढलेल्या गाडीत मायलेजसाठी ताकद उतरवली, हे मी समजू शकतो. (तरी शहरात लिटरला विसाच्या आसपासच मिळतं.) पण पुढची डिस्क काढून ड्रम दिला, ते मला अजिबात पटलेलं नाही. लायनर नवे असताना एक-दोन जोरदार ब्रेक छान लागतात. ताम्हिणीच्या उतारावर ड्रम तापला की लिव्हर ग्रिपच्या जवळ येतो, आणि टू-स्ट्रोकला इंजिन ब्रेकिंग नावापुरतंच. म्हणून वळण दिसायच्या आधीच वेग उतरवायचा.

देखभाल म्हणजे मुख्यतः पॉइंट (प्लगची ठिणगी वेळेवर पाडणारे संपर्क) आणि ऑटोल्यूब (इंजिनाला आपोआप ऑइल देणारा पंप). दोन्ही सिलेंडरचे पॉइंट वेगळे, टायमिंगही वेगवेगळं लावावं लागतं, आणि ते प्लगच्या भोकात डायल गेज बसवूनच. अंदाजाने लावणाऱ्याकडे गाडी देऊ नका. ऑइल पंपाची केबल ढिली पडली की ऑइल कमी जातं आणि पिस्टन जाम होतो, त्यामुळे पुलीवरची खूण जुळते का हे मी स्वतः पाहतो. पंप उघडला असेल तर त्यातली हवा काढल्याशिवाय गाडी सुरू करत नाही.

घ्यायला जाल तेव्हा रंग, क्रोम नंतर बघा; आधी क्रँक सीलची (क्रँकच्या दोन्ही टोकांना असलेल्या सीलची) खात्री करा. गाडी चांगली गरम झाल्यावरही उजव्या सायलेन्सरमधून दाट पांढरा धूर येतच राहिला, तर बहुधा क्लचकडचं सील गेलंय आणि गिअर ऑइल जळतंय. डावं गेलं तर धूर दिसत नाही. हवा ओढली जाते आणि आयडलिंग आपोआप चढतं. ते जास्त धोक्याचं, कारण मिक्श्चर पातळ होऊन पिस्टन धरतो. दोन्हीपैकी काहीही आढळलं तर संपूर्ण क्रँक उघडायचा खर्च धरूनच भाव ठरवा.