जुन्या लाकडी खिडक्या दुरुस्त केल्या, दोन बदलल्या: बऱ्याच महिन्यांनंतरचा अनुभव

आमच्या घराच्या खिडक्या मूळच्या लाकडी, दोन झडपांच्या, प्रत्येक झडपेत तीन तावदानं. मागच्या बाजूच्या दोन पार कुजल्या होत्या, त्या काढून यूपीव्हीसीच्या (कडक प्लास्टिकच्या) डबल काचेच्या स्लायडिंग बसवल्या, बाकी सगळ्या दुरुस्त करून घेतल्या. म्हणजे एकाच घरात दोन्ही प्रकार रोज वापरतोय, ऊन पाऊस थंडी सगळं बघून झालंय, म्हणून आता लिहितेय.

निकाल आधीच सांगते. लाकूड शाबूत असेल तर जुनी खिडकी काढू नका. खरंच काढू नका.

झडप लागत नाही, वारा येतो, पाणी आत येतं, काच खडखडते, ह्या तक्रारी घेऊन कुणाकडेही जा, दहातले नऊ जण सरळ बदलून टाका म्हणतात, आणि मला ह्याचंच वाईट वाटतं कारण ह्या चारही तक्रारींची कारणं वेगवेगळी आहेत आणि एकाही तक्रारीचं कारण खिडकी जुनी झाली हे नाहीये. झडप लागत नव्हती कारण वर्षानुवर्षं रंगावर रंग चढलेला आणि वरच्या बिजागरीचे स्क्रू ढिले होऊन झडप खाली ओघळलेली. रंग खरवडला, स्क्रूच्या भोकांत लाकडाच्या खुंट्या ठोकून स्क्रू परत आवळले, झडप एका बोटाने लागायला लागली. रंधा मारावाच लागला नाही. लोक पहिला रंधा मारतात आणि मग कोरड्या दिवसांत तिथेच फट पडते.

पाण्याचं तर अजूनच गंमतशीर. झडपेच्या खालच्या आडव्या पट्टीला, बाहेरच्या अंगाला, पोटाखालून एक बारीक खाच असते. बोट फिरवलं तरच कळते. काचेवरून ओघळलेलं पाणी पट्टीच्या पोटाला चिकटून आत सरकायला बघतं, त्या खाचेशी आलं की पुढे जाता येत नाही आणि थेंब होऊन बाहेर पडतं. आमच्या खाचा रंगाने आणि लांबीने (काच बसवायची पुट्टी) बुजून सपाट झाल्या होत्या, त्यामुळे पाणी निवांत आत यायचं. सुतारकाकांनी पटाशीने खाच मोकळी केली आणि पुढच्याच पावसात आतला कट्टा कोरडा! इतकी वर्षं आम्ही फडकी लावून बसायचो.

काच खडखडते ती लांबी वाळून तडकल्यामुळे. जुनी लांबी काढताना हीट गन (गरम हवा फेकणारं यंत्र) काचेवर मारू नका, काच तडकते, आणि जुन्या रंगात शिसं असायची बरीच शक्यता असते त्यामुळे कोरडा पॉलिश पेपर घासून धूळ उडवू नका, ओलं करून घासा, साधं फडकं नाही तर चांगला मास्क लावा, लहान मुलं आणि गरोदर बायका त्या खोलीत नकोत. हे कुणी सांगत नाही. नवी लांबी जवसाच्या तेलातली घेतली, सिलिकॉन मुद्दाम टाळलं कारण पुढे काच फुटली तर लांबी निघते, सिलिकॉन काढता काढता लाकूड सोलवटतं. ह्या लांबीवर साय धरायला आठवडा दोन आठवडे लागतात, घाई करून रंग मारला तर सुरकुततो. आणि रंग काचेवर साधारण 2 मिमी चढलाच पाहिजे, तरच लांबी आणि काचेमधली रेघ बंद होते. आमच्या पेंटरने सवयीप्रमाणे ब्लेडने कडा साफ करायला घेतल्या होत्या, थांबवलं त्याला.

काचा जुन्याच ठेवल्या. फ्लोट ग्लासची, म्हणजे आजची एकदम सपाट काच बनवायची पद्धत 1959 मध्ये जाहीर झाली, त्याआधीच्या काचा ओढून बनवलेल्या, त्यामुळे त्यांच्यात हलकीशी लाट असते आणि बाहेरचं झाड बघताना फांद्या किंचित हलल्यासारख्या वाटतात. मला ते फार आवडतं. एक फुटली की तशी परत मिळत नाही म्हणून काढताना जपा.

कुजलंय का ते ओळखायचं सोपं आहे, टोचा किंवा जुना स्क्रू ड्रायव्हर घेऊन खालच्या पट्टीचे कोपरे आणि चौकटीचा तळ टोचून बघा, कारण कुजणं नेहमी तिथूनच सुरू होतं, लाकडाचं कापलेलं टोक पाणी ओढतं ना. जिथे टोक सहज आत जातं तेवढंच खराब. लाकडातला ओलावा 20 टक्क्यांच्या खाली राहिला तर बुरशी धरत नाही, म्हणजे पाणी थांबवलं की कुजणंही थांबतं. आमच्या एका झडपेची खालची पट्टी पूर्ण गेली होती, कुसू (उभ्या पट्टीच्या खोबणीत बसणारं टोक) काढून तेवढीच नवी पट्टी केली, उभ्या पट्ट्या जुन्याच. जुनी खिडकी अशी एकेक भाग बदलत चालवता येते, तिची खरी ताकद हीच आहे असं माझं मत आहे.

आता यूपीव्हीसीबद्दल. चांगलं आधी, रंगाची कटकट नाही, जाळी सोबतच येते आणि बंद केली की घट्ट बंद. पण स्लायडिंग असल्यामुळे कधीही अर्धीच उघडते. नवी चौकट जुन्या चौकटीच्या आत बसवली म्हणून काचेची जागा कमी झाली, खोलीत उजेड कमी वाटतो, हे ऑर्डर देताना कुणी बोललं नाही. खालच्या ट्रॅकमधलं पाणी बाहेर जायची भोकं धुळीने बुजतात आणि जोराच्या पावसात ट्रॅक भरून पाणी आत सांडतं, ती भोकं आता तारेने साफ करत बसते. एका लॉकचं हँडल ढिलं झालं तर तो मॉडेल आता येत नाही म्हणाले. आणि डबल काचेची कड सुटली, मधे ओलावा शिरला, तर ती पुसता येत नाही, अख्खा काचेचा संच बदलायचा.

डबल काच उष्णता साधारण निम्म्याने कमी जाऊ देते हे खरं आहे, नाकारत नाही. पण तो फायदा जुनी खिडकी ठेवूनही मिळतो. रस्त्याकडच्या खोलीत आतल्या बाजूने दुसरी पातळ काचेची फ्रेम लावून घेतली, मूळ खिडकीपासून 100 मिमी अंतर सोडून. आवाजासाठी हे अंतर फार महत्त्वाचं, डबल काचेत मधली जागा 12 ते 16 मिमीच असते. त्या खोलीत आता हॉर्न ऐकू येतात पण झोप मोडत नाही, मागच्या नव्या खिडक्यांपेक्षा इथे जास्त शांत आहे. बाकी खिडक्यांना झडपेत बारीक खाच पाडून रबरी पट्टी बसवली, उदबत्ती फिरवून बघितलं, धूर सरळ वर जातो.

मेहनत मात्र आहे. धूळ, घाण, कित्येक दिवस खिडकीला प्लास्टिक बांधून राहणं, आणि असं काम येणारा सुतार शोधणं हेच सगळ्यात अवघड. ज्यांना तेवढा वेळ नाही, किंवा चौकटच वाळवीने पोखरलीय, किंवा आधीच कुणीतरी हलक्या लाकडाच्या झडपा बसवून ठेवल्यात, त्यांनी खुशाल बदलाव्यात, फक्त शक्यतो उघडणाऱ्या झडपांच्या घ्या, स्लायडिंग नको, आणि काढलेल्या पितळी कड्या बिजागऱ्या भंगारात देऊ नका, शेजाऱ्यापाजाऱ्यांना लागतात.

आमच्या पश्चिमेच्या खिडक्यांचा रंग खालच्या पट्टीवर आत्ताच फिका पडायला लागलाय, बाकीच्या तीन बाजूंचा जसाच्या तसा आहे. तेवढ्या पट्ट्यांना कोरडे दिवस बघून एक हात मारून घेणार आहे.