खिशातली वही आणि काळोखातली तालीम

प्रकाशयोजना करणाऱ्याला तालमीत फोन बाहेर काढायची सोय नाही. प्रेक्षागृहात स्क्रीन पेटली की दहा टक्क्यांवर आणलेला निळा प्रकाश डोळ्यांना दिसेनासा होतो, वर दिग्दर्शकाच्या शिव्या. म्हणून माझ्या शर्टाच्या खिशात कायम वही असते. सध्या ‘फील्ड नोट्स’ची आहे, चौकटीवाली. भाच्याने शिकागोहून तीनचं पाकीट पाठवलं.

साडेतीन बाय साडेपाच इंच, ४८ पानं, मध्ये तीन पिना, वर जाडसर खाकी कागद. बास. इलॅस्टिक नाही, रेशमी फीत नाही. अमेरिकेत बियाणे कंपन्या शेतकऱ्यांना छोट्या वह्या फुकट वाटायच्या. त्या जमवायचा नाद असलेला डिझायनर ॲरन ड्रॅप्लिन आणि शिकागोची डिझाइन कंपनी कूडाल पार्टनर्स यांनी २००७ साली ही काढली. आपल्याकडे साखर कारखाने आणि पतसंस्था डायऱ्या वाटतात, त्यांच्याच गोतातली म्हणायची. फक्त पहिल्या पानावर चेअरमनसाहेब नाहीत.

मला भावल्या त्या चौकटीच्या रेघा. फिकट तपकिरी आहेत, त्यामुळे पेन्सिलीने काढलेला लाइट प्लॉट, म्हणजे कुठला दिवा कुठे त्याचा नकाशा, वर उठून दिसतो. दोन पानं उघडून एक चौकट एक फूट धरली की नेहमीचा रंगमंच विंगांसकट मावतो. पुढच्या पानांवर क्यू, म्हणजे प्रकाश कधी आणि कसा बदलायचा ते: ‘आई खिडकीकडे वळते, मागचा अंबर (पिवळट प्रकाश) खाली, मनात पाच मोजून.’ हे काळोखात, न बघता खरडलेलं असतं, पण दुसऱ्या दिवशी लागतं.

एका नाटकाला एक वही, हा माझा नियम, आणि ही वही त्यासाठीच बेतल्यासारखी आहे. दोन अंकांचे क्यू, रंगीत तालमीतले बदल, दौऱ्यात कुठल्या नाट्यगृहात किती डिमर (दिवे कमी-जास्त करणारी यंत्रं) चालू होते, सगळं ४८ पानांत बसतं. मला दौऱ्यावर जाता आलं नाही तर वही ऑपरेटरच्या हवाली करतो. फोन कोण देईल? परत येते तेव्हा त्याच्या अक्षरात दुरुस्त्या असतात, शिवाय वडापावचा हिशेब. जाड बांधणीच्या भारी वहीत तीन नाटकं एकत्र कोंबली जातात, आणि त्यातल्या दोन नाटकांचे प्रयोग एकाच रविवारी लागले की वही कुठल्या नाट्यगृहात पाठवायची?

शाईपेनवाल्यांनी हिच्या वाटेला जाऊ नये. पेन्सिल किंवा साधं बॉलपेन. कव्हर कागदाचंच आहे, तेव्हा पावसाळ्यात प्लास्टिकची पिशवी हवी.

मुद्दाम परदेशातून मागवू नका, टपालखर्चच अंगावर येईल. कुणी अमेरिकेहून येत असेल तर जरूर सांगा. नाहीतर मुंबईत अब्दुल रहमान स्ट्रीटच्या स्टेशनरी बाजारात जाऊन पिनांची, खिशात मावणारी वही शोधा. चौकटी गडद निळ्या असतील तर मात्र घेऊ नका, पेन्सिल दिसत नाही.