आभासी हॅकेथॉन, सात महिन्यांनी: सगळं अडलं ते 'नका'पाशी

काल दुसऱ्या एका हॅकेथॉनचं (ठरलेल्या तासांत गटानं सॉफ्टवेअर बनवायच्या स्पर्धेचं) आमंत्रण आलं आणि जुना राग वर आला, म्हणून लिहितोय.

सात महिन्यांपूर्वीच्या त्या हॅकेथॉनचा विषय होता संकटकाळात लोकांपर्यंत सूचना पोहोचवणं. ४८ तास, चौघं चार ठिकाणी, व्हिडिओ कॉल सतत चालू. पहिले पाच तास उद्घाटनात गेले, ते सोडून देतो.

खरं दुखणं एसएमएसचं. रोमन अक्षरांत एका संदेशाला १६० जागा, देवनागरीत फक्त ७०. त्यातही काना, मात्रा, हलन्त वेगळे मोजतात. 'स्त्री' सहा जागा खाते! आमच्या कोडनं ७० जागा भरल्या की सरळ तुकडा पाडला. माझ्या जुन्या बटणांच्या फोनवर चाचणीचा संदेश आला: 'पाणीपुरवठा विभाग - पुढील सूचना मिळेपर्यंत नळाचे पाणी उकळल्याशिवाय पिऊ'. बस, एवढंच. 'नका' चार मिनिटांनी वेगळा आला. मराठीत नकार शेवटी येतो, शेपूट तुटलं की सूचना उलटी होते.

मार्गदर्शकांना फोन कॅमेऱ्यासमोर धरून दाखवला. ते म्हणाले, किरकोळ आहे, सादरीकरण बघा. गुणपत्रिकेत संदेश प्रत्यक्ष फोनवर कसा दिसतो याला एकही गुण नव्हता. सगळं वजन तीन मिनिटांच्या व्हिडिओला. हे मला आजही पटत नाही.

एका बाबतीत मात्र मत बदललंय. दुसऱ्या दिवशी 'चुकीचा इशारा मागे घेण्याचा मजकूर आधीच लिहून ठेवा' असं काम दिलं होतं, तेव्हा वेळ फुकट गेला असं वाटलं. नंतर अमेरिकेच्या हवाई राज्याबद्दल वाचलं. १३ जानेवारी २०१८ला तिथे क्षेपणास्त्राचा खोटा इशारा फोनवर गेला आणि तो खोटा असल्याचा संदेश फोनवर यायला ३८ मिनिटं लागली, कारण तसा मजकूर तयारच नव्हता. ते काम ज्यांनी ठेवलं त्यांचे आभार.

सूचना पाठवणारं आमचं ते टूल आम्ही पुढे चालू ठेवलं, एक स्वयंसेवी गट ते वापरतो. आता वाक्य 'नका' किंवा 'नाही'वर संपलं की टूल संदेश अडवतं आणि वाक्य फिरवायला लावतं: 'नळाचे पाणी उकळूनच प्या.' २३ जागा, आणि कुठेही तुटलं तरी घात होत नाही.

नव्या आयोजकांना एकच अट कळवली आहे: निकालाआधी प्रत्येक गटाचा संदेश परीक्षकांच्या स्वतःच्या फोनवर पाठवायचा. उत्तर आलं की नोंदणी करतो.