द मेटॅलिका ब्लॅकलिस्ट: आठ महिने ऐकून झाल्यावर

आधी हिशेब. गाणी ५३, सीडी चार आणि मूळ अल्बममधली गाणी फक्त १२. मेटॅलिका या अमेरिकन हेवी मेटल बँडचा १९९१चा तो काळ्या कव्हरचा अल्बम, त्याला तीस वर्षं झाली म्हणून २०२१मध्ये हा संच काढला. कलाकाराने त्या १२पैकी एक गाणं उचलायचं आणि आपल्या पद्धतीने करायचं. कमाई अर्धी त्याने निवडलेल्या संस्थेला, अर्धी मेटॅलिकाच्या ऑल विदिन माय हँड्स या फाउंडेशनला. 'नथिंग एल्स मॅटर्स' तब्बल १२ वेळा आहे आणि 'द स्ट्रगल विदिन' एकदाच, यावरून गाणी वाटताना कुणी फार डोकं लावलं नसावं.

मी तटस्थ नाही, हेही सांगून टाकतो. २०११ला बंगळूरला पॅलेस ग्राउंड्सवर यांना ऐकून आलोय आणि त्यानंतर दोन दिवस घसा बसला होता.

सीडी ऑनलाइन मागवल्या. एक डबी कोपऱ्यात फुटलेली, आतले दात मोडलेले. विक्रेत्याने तीनदा फोटो मागवले, मग गप्प. सीडीवर ओरखडा नव्हता म्हणून मीही नाद सोडला. सगळं फोनवर उतरवलं आणि मुलुंड ते सीएसएमटी, जाता-येता ऐकायला लागलो.

पहिला महिना वाईट गेला. एकाच गाण्याच्या सगळ्या आवृत्त्या ओळीने लावल्यात, त्यामुळे लग्नात एकाच भाजीच्या बारा वाट्या समोर आल्यासारखं होतं. 'नथिंग एल्स मॅटर्स' मुलुंडला सुरू केलं, तर मी फोर्टात ऑफिसच्या लिफ्टमध्ये शिरलो तरी ते संपलेलं नव्हतं. इगोर लेविटने ते नुसत्या पियानोवर वाजवलंय. घरी रात्री ऐकलं तर अंगावर काटा येतो, पण गाडीत घाटकोपर सोडलं की हळू वाजलेले सूर खडखडाटात गडप होतात आणि मध्येच पियानो उगवतो. आवाज वाढवावा तर पुढचं गाणं कानठळ्या बसवतं. ही तक्रार अल्बमची की मध्य रेल्वेची, ठरवणं अवघड आहे.

दुसऱ्या महिन्यापासून छाटणी सुरू केली. पहिल्यांदा गेली ती मुळाशी इमानदार राहिलेली गाणी. कोरी टेलरचं 'होलियर दॅन दाउ' दणदणीत आहे, वोल्बीटचं 'डोन्ट ट्रेड ऑन मी'ही ठीक आहे, पण दोन्ही ओरिजिनलची झेरॉक्स. ओरिजिनल फोनवर असताना झेरॉक्स कोण ऐकेल? कोलंबियाच्या जे बाल्विन या गायकाने 'व्हेअरएव्हर आय मे रोम'चा मूळ रिफ, म्हणजे गिटारचा परत परत येणारा तुकडा, घेऊन त्यावर स्पॅनिशमध्ये स्वतःचंच चालवलंय. त्याला मी तीन वेळा संधी दिली. नाही जमलं.

टिकली ती भलतीच. मंगोलियाच्या द हू या बँडने 'थ्रू द नेव्हर' आपल्या भाषेत म्हटलंय, घशातून काढलेला तो घोगरा षड्ज आणि सोबत टोकाला घोड्याचं डोकं कोरलेलं तंतुवाद्य. कमासी वॉशिंग्टनचा सॅक्सोफोन 'माय फ्रेंड ऑफ मिझरी'ला पार जॅझमध्ये घेऊन जातो. आणि आपल्या गावचं 'द अनफरगिव्हन': विशाल ददलानी, डिव्हाइन आणि शोर पोलिस. विशालचा रॉक बँड पेंटाग्राम ऐकत मोठा झालेल्या माणसाला त्याचा आवाज मेटॅलिकाच्या संचात ऐकताना काय वाटतं, ते लिहून कळणार नाही. मध्येच डिव्हाइन हिंदीत रॅप करायला लागतो. अंधेरीचा पोरगा. पहिल्यांदा दचकलो होतो. आता ते रॅप आलं नाही तर मूळ गाणंच अर्धवट वाटतं, ही पंचाईत.

घरातला किस्सा. रविवारी स्पीकरवर रॉड्रिगो इ गाब्रिएलाचं 'द स्ट्रगल विदिन' लावलं होतं, दोन गिटार, शब्द नाहीत. बाबा पेपर बाजूला ठेवून म्हणाले, "हे कुणाचं?" म्हटलं, ज्यांच्या कॅसेटवरून तुम्ही माझा टेपरेकॉर्डर माळ्यावर टाकला होता त्यांचंच. म्हणाले, "ओरडणारा काढला की चाल चांगली आहे." मग स्वतःच आठवण काढली. कुमार गंधर्वांचं 'मला उमजलेले बालगंधर्व' घरात आलं तेव्हा आजोबा चिडले होते, नारायणरावांची, म्हणजे बालगंधर्वांची, जागा अशी नाही, म्हणून. बाबा मात्र कुमारांच्या बाजूचे. मी काही बोललो नाही, कारण जे बाल्विनबाबत मी नेमका आजोबांसारखा वागत होतो. पण ते शीर्षक डोक्यात राहिलं. बालगंधर्वांसारखं गाऊन दाखवतो असं कुमार म्हणत नाहीत, मला जेवढे उमजले तेवढे गातो म्हणतात. छाटणीत उरलेल्या गाण्यांमध्ये तेच ऐकू येतं.

चार सीडी जास्त वाटत असतील तर आधी अपोकॅलिप्टिका या बँडचा मेटॅलिकाच्या गाण्यांचा अल्बम घ्या. हेलसिंकीच्या सिबेलियस अकादमीतल्या चार चेलोवादकांनी १९९६मध्ये काढलेला, आठच गाणी, त्यातली चार याच ब्लॅक अल्बमची. गाडीत चेलोचे खालचे सूर मरतात, घरी ऐका. आणि २००४चा मेटॅलिक अटॅक, इतरांनी वाजवलेल्या मेटॅलिकाच्या गाण्यांचा संच. तो सगळा ऐकण्यासारखा नाही, पण त्यात मोटरहेडचं 'व्हिपलॅश' आहे. मेटॅलिकाची पोरं मोटरहेडच्या गायक लेमीची भक्त, १९९५मध्ये त्याच्या पन्नाशीला त्याच्यासारखेच कपडे आणि विग घालून, द लेमीज नाव लावून वाजवायला उभी राहिलेली. त्या लेमीच्या बँडला २००५मध्ये ग्रॅमी मिळालं ते या चेल्यांचं गाणं वाजवल्याबद्दल. आयुष्यातलं एकमेव.

आता फोनवर ५३पैकी १४ उरलीत. 'नथिंग एल्स मॅटर्स'चं एकच ठेवलंय, लेविटचं, तेही रात्रीसाठी. द हूचं गाणं बाबांच्या फोनवर टाकून दिलंय. ते त्याला "घोडेवाल्यांचं" म्हणतात आणि दुपारी चहाच्या वेळी लावतात, आई स्वयंपाकघराचं दार लोटून घेते.