जुना फिल्म कॅमेरा आणि स्वतःचाच फोटो : खटका दाबायचा कशाने?

आजोबांच्या कपाटातून यशिका निघतो, किंवा कुणी हौसेने पेंटॅक्स के1000 विकत घेतं. दोन-तीन रोल घरच्यांवर संपले की वाटायला लागतं, यात आपण कुठेच नाही. मोबाइलची सवय असल्यामुळे पहिला प्रश्न हमखास अंतराचा येतो: किती लांबून बटण दाबता येईल? जुन्या कॅमेऱ्यात या प्रश्नाला फारसा अर्थ नाही. एक फोटो झाला की रोल पुढे सरकवायला कॅमेऱ्यापाशी यावंच लागतं. दुरून खटका दाबणारी सहा मीटरची हवेची नळी घेतली तरी दर फोटोमागे सहा मीटरची येरझार चुकत नाही. म्हणून मी दोनच गोष्टी विचारतो. नेमका क्षण तुमच्या हातात हवा, की हात मोकळे हवेत? आणि तुमच्या कॅमेऱ्याच्या बटणाला आटे आहेत का?

आट्यांचं आधी उरकू. शटरच्या बटणात मधोमध बारीक भोक असतं आणि त्यात आत निमुळते होत गेलेले आटे. के1000, कॅनन एई-1, निकॉन एफएम2, यशिका मॅट 124जी या सगळ्यांना एकच साधी केबल, म्हणजे खटका दुरून दाबायची तार, बसते. निकॉन एफ आणि एफ2 मात्र वेगळे. त्यांना जुन्या लायका पद्धतीचं तोंड लागतं, म्हणजे मध्ये जोडणी घ्यावी लागते. घडीच्या कॅमेऱ्यांमध्ये हे भोक बहुतेक वेळा वरच्या बटणात नसून पुढे लेन्सजवळच्या शटरवर असतं, तिथे बघायचं राहून जातं. भोक कुठेच सापडलं नाही, तर खालचे निम्मे पर्याय तुमच्यासाठी नाहीत.

सेल्फ टायमर

हा फुकटचा, म्हणून आधी याचा विचार. एफएम2, झेनिट ई, यशिका मॅट 124जी यांच्यात चावीचा टायमर आहे. छोटी दांडी फिरवून स्प्रिंग ताणायची, सुरू करायचा, घुर्र आवाज होत राहतो आणि साधारण 8 ते 12 सेकंदांनी शटर उडतं. एई-1चा टायमर इलेक्ट्रॉनिक, 10 सेकंदांचा, पुढचा लाल दिवा लुकलुकतो. पण त्याची 6 व्होल्टची बॅटरी संपली की टायमरच काय, अख्खा कॅमेराच बंद. के1000मध्ये टायमर दिलेलाच नाही. विकणारा काहीही सांगो, शोधत बसू नका.

टायमरची खरी ताकद घोळक्यात. हिवाळ्यात शेतात भरीत पार्टी चालली आहे, तुराट्यांवर वांगी भाजली जाताहेत, पंधरा माणसं आहेत आणि पंधरावे तुम्ही. अशा वेळी टायमर लावा आणि पळत जाऊन बसा. हातात काही नाही, फोटोत वायर नाही. एफएम2वाल्यांना आणखी एक फायदा: टायमर सुरू होताच आरसा आधीच वर जातो, त्यामुळे शटर उडताना आरशाचा धक्का बसत नाही. संध्याकाळी शटर 1/15 किंवा 1/8 सेकंदावर ठेवून काम चाललं असेल तर हा फरक फोटोत दिसतो.

एकट्याच्या पोर्ट्रेटला मात्र टायमर मला आवडत नाही. दहा सेकंदांत चेहऱ्यावर 'आता उडेल, आता उडेल' असा भाव चढत जातो आणि नेमका तोच छापला जातो. शिवाय फोकस. 50 मिमी लेन्सने एफ/2 वर, म्हणजे लेन्सचं तोंड मोठं उघडून, दोन मीटरवरच्या माणसाचा फोटो घेतला, तर स्पष्ट येणारा पट्टा जेमतेम वीस सेंटीमीटरचा. पळत जाऊन त्या वीस सेंटीमीटरमध्ये डोळे आणून ठेवायचे म्हणजे नशिबाचा खेळ. तेच तोंड बारीक करून एफ/8 वर तीन मीटरवर फोकस ठेवलात, तर साधारण 2.3 ते 4.2 मीटरपर्यंत सगळं चालून जातं. आपल्याकडच्या उन्हात हे अवघड नाही: 400च्या फिल्मवर भर दुपारी 1/500 आणि एफ/16 असाच हिशेब निघतो. अडचण येते ती घरात, खिडकीच्या उजेडात.

आणि एक धोका. पन्नास-साठ वर्षांच्या टायमरमधलं ग्रीस वाळून घट्ट झालेलं असतं. तो मध्येच अडला, तर लीफ शटरच्या (लेन्समध्येच पात्यांचं शटर असलेल्या) कॅमेऱ्यात शटरही त्याच्यासोबत अडकून बसतं. जुन्या जर्मन शटरवर व्ही, एक्स, एम अशा खुणांची दांडी असते. त्यातला व्ही म्हणजे टायमर, एक्स आणि एम फ्लॅशसाठी. कॅमेरा कुणी उघडून साफ केला आहे याची खात्री नसेल, तर व्हीला हात लावू नका. बऱ्याच लीफ शटरमध्ये दांडी एमवर असताना टायमर चढतच नाही. तिथे जोर लावला की काम दुरुस्तीवाल्याकडे गेलंच, आणि असे दुरुस्तीवाले धुळ्या-जळगावात शोधायला गेलात तर सोपे सापडत नाहीत. साफ केलेला असला तरी टायमर रोल न घालता आधी चालवून बघा. आवाज एकसारखा हवा, धापा टाकत चालणारा नको.

केबल रिलीज

एकट्याच्या फोटोसाठी माझं मत याच्याकडे झुकतं. आत तार, बाहेर वेष्टन, एका टोकाला आटे, दुसऱ्या टोकाला दट्ट्या. दट्ट्या दाबला की त्याच क्षणी शटर उडतं. श्वास सोडलात, खांदे सैल पडले, नजर वळली, तेव्हाच दाबायचं. बारा फोटोंच्या 120च्या रोलवर, किंवा छत्तीसच्या रोलवरही, आपण तयार असतानाच शटर उडालं ही खात्री फार मोलाची आहे. इथून रोल धुवायला बाहेरगावी पाठवायचा असेल तर आणखीच.

मर्यादा लांबीची. बाजारात बहुतेक केबल पाव ते अर्ध्या मीटरच्या, शोधली तर मीटरभराची. म्हणजे तुम्ही कॅमेऱ्याच्या हाताच्या अंतरावर. 50 मिमीवर त्यात चेहरा-खांद्यांची चौकट मिळते, पूर्ण उंची नाही. लांब केबलला जोर जास्त लागतो आणि ती ताणली गेली तर ट्रायपॉडच हलतो. तिला नेहमी थोडा सैल झोल ठेवा. घेताना पेचाची कुलूपवाली घ्या. शटर 'बी'वर (दाबून धरलं तोवर उघडं) ठेवून दट्ट्या दाबला आणि पेच आवळला की शटर उघडंच राहतं. रात्री तोरणमाळला यशवंत तलावाच्या काठावर अर्धा मिनिट शटर उघडं ठेवायचं असेल, तर पेच आवळून चौकटीत जाऊन उभं राहता येतं. तिथे केबलची लांबी आड येत नाही.

चाळीसगावला छायाचित्रकार केकी मूस (1912–1989) यांचं घर-संग्रहालय बघून आलेल्याला टेबलटॉपची हौस लागतेच. टेबलावर मांडणी करून त्यात आपला हात किंवा आपलं प्रतिबिंब आणायचं असेल, तर केबलला दुसरा पर्याय नाही. अंतर कमी, हालचाल बारीक, आणि क्षण आपल्या बोटात.

रबरी फुगा

केबलचं तत्त्व तेच, फक्त तारेऐवजी हवा. सहा मीटरपर्यंत बारीक नळी, एका टोकाला रबरी फुगा, दुसऱ्या टोकाला सिलिंडरमधला छोटा दट्ट्या. पूर्ण उंचीचा फोटो, मागे केळीची बाग किंवा लळिंगचा किल्ला, आणि क्षणही आपल्या हातात. कागदावर हा सर्वांत उत्तम. प्रत्यक्षात हवा दबायला वेळ घेते. फुगा दाबल्यावर शटर किंचित उशिरा उडतं, आणि नळी जितकी लांब तितका जोर जास्त. ज्या कॅमेऱ्याचं बटण जड किंवा खोल आहे, तिथे दट्ट्या अर्ध्यावरच थांबतो. म्हणून विकत घेण्याआधी आपल्याच कॅमेऱ्यावर लावून बघणं गरजेचं.

फुगा लपवायचा कुठे, हाही प्रश्न. मुठीत धरला तर मूठ अवघडलेली दिसते. पायाखाली ठेवून टाचेने दाबणं सोपं, फक्त चौकट गुडघ्यांच्या वर कापायला हवी. अमेरिकन छायाचित्रकार सिंडी शर्मन यांच्या सत्तरच्या दशकातल्या एका स्वचित्रात रिलीज हातात सरळ दिसतो. लपवायचाच नाही, हाही एक मार्ग आहे. आपल्याकडचा खास त्रास उन्हाचा. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा 45च्या आसपास जातो, आणि गाडीच्या डिकीत राहिलेलं रबर कडक होऊन चिरतं. बारीक चीर डोळ्यांना दिसत नाही. फुगा दाबून नळीचं टोक ओल्या गालाजवळ धरा; वारा फक्त त्या टोकातूनच यायला हवा.

बाकीचे थोडक्यात. टायमर नसलेल्या कॅमेऱ्याला बाहेरून लावायचा चावीचा टायमर मिळतो. जर्मन ऑटोक्निप्स जुन्या बाजारात अधूनमधून दिसतो. तो केबलच्याच आट्यांत बसतो, म्हणजे के1000ला घोळक्यातल्या फोटोची सोय झाली. तो बटणावर लोंबकळतो, तेव्हा वाऱ्यात जपून. मोटर ड्राइव्ह आणि इन्फ्रारेड रिमोट ही एकच जोडी अशी, जिच्यात येरझार खरोखर वाचते, कारण रोल आपोआप सरकतो; निकॉनचा एमएल-1 असाच. पण वजन आणि खर्च पाहता एका स्वतःच्या फोटोसाठी मी ते कुणाला सुचवणार नाही. खटका उघडा असलेल्या डबा कॅमेऱ्याला जुनी युक्ती चालते: खटक्याला दोरी, ती ट्रायपॉडच्या पायाभोवतून वळवून आपल्या हातात. ओढताना कॅमेरा हलू नये म्हणून ट्रायपॉडला खाली पिशवीत दगड टांगा.

तर निवड अशी. के1000 असेल तर कुलूपवाली मीटरभर केबल आधी, ऑटोक्निप्स मिळाला तर नंतर. एफएम2 असेल तर टायमर आहेच. फक्त केबल घ्या. जुना लीफ शटर असेल तर टायमर विसरा, केबलच. पूर्ण उंचीचे एकट्याचे फोटो हाच तुमचा छंद असेल, तरच फुगा.

आणि कुठलाही घेतलात तरी एई-1सारख्या, लेन्समधून उजेड मोजून स्वतःच एक्स्पोजर ठरवणाऱ्या कॅमेऱ्यात एक लक्षात ठेवा: बघायच्या मागच्या खिडकीला डोळा लावलेला नसताना तिथून उजेड आत शिरतो, मीटर फसतो आणि फोटो काळपट येतो. तिथे काळ्या कापडाचा तुकडा टाका, किंवा आधीच उजेड मोजून सगळं हाताने लावून ठेवा.