गळक्या फ्युएल पंपाचं निपल: लेथवर करवून घ्यावं, भंगारातून आणावं की पंपच बदलावा?

आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या मारेगाव-वणीकडे दिवाळीनंतर घराची एक खोली कापसानं भरलेली असते. भाव थोडा चढेपर्यंत कापूस तिथंच राहतो आणि त्याला लागून असलेल्या टिनाच्या शेडमध्ये गाडी. अशा घरात गाडीखाली पेट्रोल टपकत असेल तर "जरा गळते" म्हणून सोडून देता येत नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत सरकत चुलीपर्यंत जाते आणि हिवाळ्याच्या पहाटेही पेट घेते. त्यामुळे निपल, म्हणजे पंपाचं नळी चढते ते छोटं तोंड, शोधायला निघण्याआधी गाडी सुरू न करता ढकलत उघड्यावर न्या आणि मग बॅटरीची निगेटिव्ह तार काढा.

मग मिस्त्री येतो, बोनेट उघडतो आणि म्हणतो, "भाऊ, याचं निपल अलग नाही भेटत. पुरा पंपच घ्या लागते." त्याचं कधी बरोबर असतं, कधी नसतं. ते ठरतं गाडीतल्या पेट्रोलच्या दाबावर. कार्बोरेटरच्या (पेट्रोल-हवा मिसळणाऱ्या भांड्याच्या) जुन्या गाडीत पंप इंजिनालाच बसवलेला असतो, इंजिनातल्या फिरत्या कॅमच्या धक्क्यावर चालतो आणि त्याचा दाब साधारण ०.२ ते ०.३५ बार (बार म्हणजे दाबाचं माप) असतो. इंजेक्शनच्या, म्हणजे पेट्रोल दाबानं फवारणाऱ्या नव्या गाडीत पंप टाकीच्या आत, विजेवर चालणारा, आणि दाब ३ ते ४ बार, म्हणजे साधारण दहापट किंवा त्याहूनही जास्त. पहिल्या प्रकारात गावातल्या कारागिराच्या हाताला वाव आहे. दुसऱ्यात नाही, आणि या बाबतीत मी कुणाशीही तडजोड करणार नाही.

आधी जुन्या प्रकाराचं बोलू, कारण आपल्या खेड्यांत या गाड्या अजून आहेत आणि त्यांचे भाग मिळणं दरवर्षी अवघड होत चाललंय. मारुती ८००चं उत्पादनच २०१४ साली थांबलं, आणि तिच्याही कार्बोरेटरच्या गाड्या त्याच्या कितीतरी आधीच्या.

पंप कोरड्या फडक्यानं पुसा आणि पेट्रोल नेमकं कुठून उगवतं ते बघा. पंपाच्या बुडाशी एक बारीक भोक असतं. तिथून पेट्रोल येत असेल तर आतला पडदा फाटलाय, आणि निपल सोन्याचं बसवलं तरी ती गळती थांबणार नाही. सोबत ऑइलची काडी काढून वास घ्या. ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल आणि पातळी वाढलेली दिसत असेल, तर पेट्रोल इंजिनात उतरतंय. तेव्हा निपलाचा विचार सोडा, पंप बदला, ऑइलही बदला आणि तोवर गाडी चालवू नका.

गळती खरोखर निपलाच्या मुळाशी असेल तर पुढे तीन वाटा उरतात.

भंगारातला पंप स्वस्त पडतो आणि आटे तंतोतंत जुळतात, हा त्याचा खरा फायदा. पण त्यातलं रबर तुमच्या पंपाच्याच वयाचं असतं. त्यात २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल २०२३ पासून मिळू लागलं आणि आता ते गावच्या पंपावरही आलंय. जुन्या काळचं रबर त्या पेट्रोलासाठी बनलेलं नव्हतं, ते फुगतं, नरम पडतं. म्हणून भंगारातून पंप आणलात तरी त्यातलं फक्त निपल काढून घ्या. अख्खा पंप तसाच बसवू नका.

दुसरी वाट हायड्रॉलिक पाइपच्या दुकानाची. कोळसा खाणींमुळे वणी, घुग्घुस, चंद्रपूर या पट्ट्यात अशी दुकानं आहेत. तिथं पितळेची आणि लोखंडाची निपलं डब्बे भरभरून असतात आणि हातात घेतल्यावर सगळी सारखीच दिसतात. इथंच माझी चूक झाली. माझ्या पंपाचं निपल १० मिलिमीटरचं, १ मिलिमीटर पिचचं (दोन आट्यांमधलं अंतर) होतं. दुकानात मिळालं ते एक अष्टमांश इंची बीएसपी, म्हणजे पाइपाच्या इंची मापाच्या आट्यांचं. त्याचा बाहेरचा व्यास ९.७३ मिलिमीटर आणि पिच ०.९०७. डोळ्यांना हा फरक कळतच नाही. दोन आटे बोटानं गोड गेले, तिसऱ्याला अडलं. पाना लावला, जोर दिला आणि पंपाच्या अॅल्युमिनियमचे आटे खरवडून निघाले. निपलापुरतं असलेलं काम पंपापर्यंत गेलं. तेव्हापासून मी एकच नियम पाळतो. जुनं निपल खिशात घालून दुकानात जायचं, व्हर्नियरनं व्यास मोजायचा, पिच गेज लावून आटे बघायचे, आणि नवं निपल शेवटपर्यंत बोटांनी फिरत असेल तरच घ्यायचं. गेज नसेल तर दोन्ही निपलं आट्यावर आटा धरून उजेडाकडे करा. मधून उजेड फटीसारखा दिसला तर ते जुळत नाही.

तिसरी वाट लेथवाल्याची, आणि कमी दाबाच्या पंपाला मी हीच पहिली धरतो. खाणीची आणि ट्रॅक्टरची कामं करून आपल्याकडच्या टर्नरचा हात बसलेला असतो. जुना नमुना समोर ठेवला की पितळी षटकोनी सळीतून तो तासाभरात निपल काढून देतो. मला दीडशे रुपयांत झालं. फक्त तीन गोष्टी उभं राहून करवून घ्या. नळी चढते त्या टोकाला उंचवटा ठेवायला सांगा, नाहीतर क्लिप लावूनही नळी सरकते. आतलं भोक जुन्याइतकंच ठेवा. आणि बसवण्याआधी निपल पेट्रोलात धुऊन फुंकून घ्या, कारण पितळेचा एक कीस कार्बोरेटरचा जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं बारीक भोक, बंद करायला पुरेसा असतो. निपल मुळात आट्यांचं नसून ठोकून बसवलेलं असेल, तर भोकाला नवे आटे पाडून देता येतात. पण तिथली भिंत पातळ असते आणि धातूचा भुगा आत पडतो. अशा वेळी पंप पूर्ण उघडून धुणार असाल तरच हे करवा.

टेफ्लॉन टेपचा आपल्याकडे फार भरवसा. नळाच्या कामातून ती सवय आली. वायसरवर बसणाऱ्या सरळ आट्यांना टेपनं काही होत नाही, तिथं तांब्याचा नवा वायसर लागतो. शिवाय टेपचा तुकडा सुटला तर तो सरळ जेटमध्ये जातो. एम-सीलचंही तसंच. पेट्रोलानं ओल्या धातूवर ते पकड घेत नाही. आणि फवारणी पंपाची नळी कापून लावण्याचा प्रकार मी इतक्या ठिकाणी पाहिलाय की हात जोडून सांगतो, ती लावू नका. ती पीव्हीसीची असते, पेट्रोलात काही दिवसांत कडक होऊन तडकते. नळीवर दर्जाचा छाप वाचून घ्या: कार्बोरेटरसाठी एसएई जे३० आर६ किंवा आर७, इंजेक्शनसाठी आर९.

आता इंजेक्शनची गाडी. इथं पंप मागच्या सीटखाली टाकीत असतो आणि वरच्या प्लास्टिकच्या झाकणालाच नळ्यांची तोंडं असतात. टाकी फुल केल्यावरच वास येत असेल आणि अर्ध्या टाकीला जात असेल, तर बहुतेक झाकणाखालची सील गेलेली असते. ती वेगळी मिळत असेल तर थोडक्यात भागतं, म्हणून पार्ट्सच्या काउंटरवर आधी सीलच मागा. तोंडच तडकलं असेल तर त्याला चिकटवण्याचा, तापवून जोडण्याचा किंवा पितळी निपल ठोकण्याचा कोणताही इलाज करू नका. ३ बार दाबाखाली तिथून थेंब पडत नाही, फवारा उडतो, तोही सीटखाली, जिथं लेकरं बसतात. काही मॉडेलांचं वरचं झाकण वेगळं मिळतं, नाहीतर पूर्ण मॉड्यूल, म्हणजे झाकणासकट अख्खा पंप. कंपनीच्या काउंटरवरचं आणि पंप बनवणाऱ्या नामांकित कंपनीचं बाजारातलं, यांत मी दुसऱ्यालाही हरकत घेणार नाही. अट एकच, डब्यावरचा पार्ट नंबर जुन्याशी जुळला पाहिजे आणि बिल पक्कं पाहिजे. नळीच्या टोकाचं क्विक कनेक्टर (दाबून बसणारा जोड) तुटलं असेल तर माप विचारा, ७.८९ आणि ९.८९ मिलिमीटर ही नेहमीची मापं. वणीत नसेल तर नागपूरहून मागवा आणि दोन दिवस थांबा. या कामात भंगाराकडे वळू नका. खोलण्याआधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे नळीतला दाब उतरतो. हे मोकळ्या जागी, गळती थोडी असेल तरच. पेट्रोल वाहत असेल तर इंजिनाला हातच लावू नका.

जुन्या डिझेल जीपवाल्यांचं काम सगळ्यात सोपं. फीड पंपाचा (टाकीतून डिझेल ओढणाऱ्या पंपाचा) बँजो बोल्ट, म्हणजे नळी धरणारा पोकळ बोल्ट, गळत असेल तर दोष बहुधा दोन्ही बाजूंच्या तांब्याच्या वायसरांचा. नवे टाका. रस्त्यात अडकलात तर जुनेच लाल होईपर्यंत तापवून थंड करा, तांबं पुन्हा नरम होतं आणि घरापर्यंत निभतं. टाकीकडच्या बाजूला मात्र गळती बाहेर दिसत नाही. तिथून हवा आत ओढली जाते आणि सकाळी गाडी लवकर उठत नाही. कॉमन रेल डिझेलच्या, म्हणजे नव्या डिझेल इंजेक्शन गाड्यांच्या, जाड लोखंडी नळ्यांचा दाब हजार बारच्याही वर जातो. इंजिन चालू असताना तिथं बोट फिरवून गळती शोधू नका, धार कातडी फाडून आत शिरते.

काम झालं की जोड कोरडा पुसा, इंजिन दहा मिनिटं चालवून बंद करा आणि जोडाखाली कोरा कागद पसरून अर्धा तास वाट बघा. कागद कोरडा निघाला तरी आणखी दोन रात्री गाडी अंगणातच राहू द्या. दुसऱ्या दिवशी, इंजिन गार असताना, क्लिप पुन्हा एकदा आवळून घ्या आणि कागद परत टाका. तो दोन्ही दिवस कोरडा राहिला की मगच गाडी कापसाशेजारी न्या.