प्रीमियम केबिन आणि लाउंज, आठ महिन्यांनंतर: सीट पास, चहा नापास

छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळाहून मुंबई साध्या तिकिटावर आणि मुंबईहून पुढे दिल्ली किंवा बेंगळुरू प्रीमियममध्ये, असा आठ महिन्यांचा वापर. सीटची मापं सगळ्यांना पाठ आहेत, ती परत देत नाही. चिकलठाणा–मुंबई टप्प्याला मात्र जास्तीचे पैसे घालू नका. तासाभराच्या उड्डाणात चढण-उतरण वजा जाता ट्रे उघडा राहतो जेमतेम अर्धा तास.

तक्रार चहाची. पहाटे घरून चहा न घेता निघालेल्या माणसाला एवढे पैसे मोजून कोमट, फिक्कट पाणी मिळतं, हे चालणार नाही.

पहिले दोन-तीन महिने दोष केबिन क्रूचा वाटला. ते मत चुकीचं होतं. उड्डाणात केबिनमधला हवेचा दाब साधारण 6 ते 8 हजार फूट उंचीइतका असतो. 8 हजार फूट म्हणजे आपल्या म्हैसमाळच्या डोंगराच्या दुपटीहून जास्त, कळसूबाईच्याही वर. तिथं पाणी 92 अंशांच्या आसपासच उकळतं. ते थंडगार चिनी मातीच्या कपात पडलं की आणखी उतरतं, वर फ्रीजमधलं दूध. टी-बॅग उतरणार कुठून? शिवाय कोरड्या हवेत नाक बसतं, त्यामुळे आलं-वेलचीचा वासही अर्धाच लागतो. जर्मनीच्या फ्राउनहोफर संस्थेने लुफ्थान्सासाठी घेतलेल्या चाचण्यांत मीठ आणि साखर दोन्हींची चव विमानात कमी लागते, असंच दिसलं होतं. म्हणून जेवणात कोरड्या भाजीपेक्षा डाळ किंवा रस्सा मागा. पुन्हा गरम करताना कोरडी भाजी आणखी वाळते, रस्सा टिकतो.

विमानातला चहा थोडा सुधारता येतो. आधी कपात गरम पाणी ओतून तो तापवून घ्यायला सांगा आणि ते पाणी टाकून द्या. मग 150 मिली ताज्या गरम पाण्यात दोन टी-बॅग, त्याही सीटीसी चहाच्या. दाणेदार सीटीसी कमी तापमानातही लवकर उतरते, दार्जिलिंगची पानं नाही. वर बशी झाका, पाच मिनिटं थांबा, दूध सगळ्यात शेवटी. रंग विटकरी येतो. एवढं साधं काम कंपनीने क्रूच्या प्रशिक्षणात घालायला हवं. त्याला खर्च शून्य आहे.

लाउंजला मात्र माफी नाही. मुंबई समुद्रसपाटीला आहे, पाणी 100 अंशांवर उकळतं, आणि तरी चहा येतो प्रीमिक्सच्या मशीनमधून! गोडमिट्ट, वर फेस, आणि तळाशी न विरघळलेली पावडर. डोशाच्या लाइव्ह काउंटरला वीज मिळते, तर शेजारी एक इंडक्शन शेगडी का नाही? एक लिटरचं माप असं: 600 मिली पाणी, 10 ग्रॅम ठेचलेलं आलं, 15 ग्रॅम सीटीसी पावडर, तीन मिनिटं उकळी. मग 400 मिली दूध आणि दोन वेळा वर येऊ देणं. थर्मासमध्ये अर्ध्या तासापेक्षा जास्त ठेवलं की कडवट होतो, म्हणून छोटं पातेलं, वारंवार. साखर वेगळी.

बाकी लाउंज ठीक. सकाळी रांग लांब असते. लाउंज प्रवेशासाठी क्रेडिट कार्ड वापरत असाल तर त्याची तिमाही मर्यादा आणि खर्चाची अट आदल्या रात्रीच अ‍ॅपमध्ये बघा. दारात कार्ड नाकारलं गेलं की वेळ तिथंच जातो. बहुतेक देशांतर्गत उड्डाणांचं गेट 25 मिनिटं आधी बंद होतं आणि मुंबईत लाउंजपासून गेटपर्यंत चालणं बरंच असतं, म्हणून 50 मिनिटं राहिली की उठाच.

सीटबद्दल एकच: पहिली रांग घेऊ नका. पाय मोकळे वाटतात, पण समोर सीट नसल्याने बॅग उड्डाणाच्या वेळी वर ठेवावी लागते आणि ट्रे हाताच्या दांडीतून निघतो. आठ महिन्यांत हे ट्रे बिजागरीपाशी सैल पडलेले दिसले. लॅपटॉप ठेवला की आतल्या बाजूला कलतात आणि चहा थेट मांडीवर. दुसरी रांग बरी.

फीडबॅकमध्ये "चहा वाईट" एवढंच लिहून काही होत नाही. फ्लाइट नंबर, तारीख, टी-बॅगचा प्रकार आणि बशी झाकली होती की नाही, हे लिहा. लाउंजची तक्रार वेगळी पाठवा, कारण ती चालवणारा ठेकेदार बहुतेक वेळा दुसराच असतो.